भावाच्या नवऱ्याला काय म्हणायचं?

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं, पण अंगठा दुखायला लागला तरी विषय संपेना. शेवटी कागद काढला. अक्षर लागत नसेल तर वहिनींकडून वाचून घे.

परवा एक जपानी मालिका पाहिली. ‘ओतोतो नो ओत्तो’, म्हणजे ‘धाकट्या भावाचा नवरा’. एनएचके या जपानी सरकारी वाहिनीने (आपल्या दूरदर्शनसारख्या) मार्च २०१८ मध्ये दाखवलेली, अवघे ३ भाग. आपल्याकडे तेवढ्यात नायिकेची हळदसुद्धा भिजत नाही. मूळ गोष्ट गेंगोरो तागामे यांच्या ‘मांगा’तली, म्हणजे जपानी चित्रकथेतली.

याइची हा घटस्फोटित बाप. आईवडिलांच्या मागे राहिलेली भाड्याची घरं सांभाळतो आणि शाळकरी मुलगी काना हिला एकटाच वाढवतो. त्याचा जुळा भाऊ र्‍योजी कॅनडात गेला, तिकडेच वारला. (जुळे असले तरी थोरला-धाकटा ठरलेलाच.) आणि एक दिवस दारात दाढीवाला धिप्पाड गोरा माणूस उभा! र्‍योजीचा नवरा, माईक. दार उघडताच तो याइचीला मिठी मारतो, कारण गेलेल्या माणसाचाच चेहरा समोर. याइची मात्र त्याला झिडकारतो. दोन्ही भावांचं काम र्‍यूता सातोनेच केलंय. माईक झालाय बारुतो, एस्टोनियाचा माजी सुमो पैलवान. ओझेकीपर्यंत, म्हणजे योकोझुना या सुमोतल्या सर्वोच्च पदाच्या खालच्याच पायरीपर्यंत, पोचलेला. एवढा मोठा देह घेऊन तो त्या घरात इतक्या हलक्या पावलांनी वावरतो की मला त्याचीच काळजी वाटत राहिली.

कानाला काहीच अडचण नाही. तिला कॅनडाचा काका मिळाला, एवढंच. तुम्हा दोघांत नवरा कोण, बायको कोण, असं ती विचारते. माईक सांगतो, दोघंही नवरे. पोरीचं समाधान होतं. बापाचं होत नाही. माईकची ओळख काय म्हणून करून द्यायची, इथेच तो अडतो.

मीही मग मराठीत शोधायला लागलो. भावाची बायको वहिनी, बहिणीचा नवरा मेहुणा, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. साडूला शब्द आहे रे, भावाच्या नवऱ्याला नाही! कॅनडात अशी लग्नं २००५ पासून देशभर कायदेशीर आहेत, जपानने अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे माईक विमानात बसला तेव्हा विधुर होता, उतरला तेव्हा नुसता पाहुणा. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल मालिकेच्याच वर्षी, सप्टेंबरात लागला, आणि ते गुन्हा राहिले नाहीत. लग्नाचं मात्र २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेवर सोडून दिलं.

पण सुध्या, मला लागलं ते वेगळंच. र्‍योजीने आपल्याबद्दल सांगितलं तेव्हा याइची भांडला नाही, ओरडला नाही. नुसता गप्प राहिला. त्या गप्प राहण्यातच दोघांमधलं अंतर वाढत गेलं आणि भाऊ समुद्रापार गेला. आता त्याला काय आवडायचं, तो कसा हसायचा, हे थोरल्याला माईककडून कळून घ्यावं लागतं.

दादाचं आणि माझंही भांडण कधी झालं नाही, तुला ठाऊक आहे. आमचे फोन म्हणजे आईच्या बीपीच्या गोळ्या, सातबारा आणि गणपतीला कोण कधी येणार. त्याचा संसार मोडला तेव्हा मी काय विचारलं असेल? ‘कोर्टाची पुढची तारीख कधी?’ माझं काही म्हणणं नव्हतं, म्हणून मी काही म्हटलंच नाही. त्याला ते कसं ऐकू आलं असेल, हा प्रश्न मला चार वर्षांनी, एका जपानी माणसाचं तोंड बघताना पडला.

तिसरा भाग संपला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. दादाला फोन लावला.

‘काय झालं? आई बरी आहे ना?’

‘आई झोपलीय. सहज केला.’

‘सहज?’

पुढे काही सुचेना. मग विचारलं, कांदा काय भावाने गेला? पाऊण तास बोललो, त्यातला अर्धा तास कांदाच. उरलेल्या पंधरा मिनिटांत काय झालं ते भेटीत सांगतो, कागदावर नको.

तुझा,
नंद्या