प्रोग्रामिंग हा छंदसुद्धा आहे, त्यालाही पुरवणीत जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअर पुरवणीत कुठली प्रोग्रामिंग लँग्वेज शिकली की किती पॅकेज मिळतं यावर पानभर लेख आला होता, त्यात शेवटी एक ओळ होती की जुन्या भाषा शिकण्यात वेळ घालवू नका. ती ओळ मला खरंच लागली, म्हणून हे पत्र.

मी ऐरोलीला राहतो, तुर्भ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघतो, वय ५३, कॉम्प्युटरची डिग्री वगैरे काही नाही. गेली चार वर्षं रात्रीची जेवणं झाली की तासभर मी लिस्प लिहीत बसतो. ही १९५८ सालची भाषा, जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटीत काढलेली, आज जोरात वापरात असलेल्या भाषांत हिच्याहून जुनी म्हणजे फोरट्रान तेवढी. मॅकार्थींनी ती आधी कागदावरच मांडली होती, भाषा स्वतःचाच अर्थ कसा लावेल हे दाखवणारं एक सूत्र, आणि स्टीव्ह रसेल नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने ते सूत्र मशीनवर चढवून दाखवलं, मॅकार्थी म्हणत होते की अरे हे वाचायसाठी आहे, चालवायसाठी नाही, तरी त्याने चालवलं. मला हे वाचून त्या माणसाबद्दल फार प्रेम वाटलं.

माझी सुरुवात सोसायटीच्या मेंटेनन्सपासून झाली. मी खजिनदार, फ्लॅट २८. उन्हाळ्यात टँकर मागवले की पैसे वाटायचे, आता १०,००० रुपये २८ जणांत वाटले की दोन दशांशांपर्यंत ३५७.१४ येतात, ते परत २८ ने गुणले की ९,९९९.९२, म्हणजे ८ पैसे कुठेतरी गळाले. रक्कम छोटी आहे हो, पण ताळा जुळत नाही आणि अकाउंट्सच्या माणसाला ताळा न जुळता झोप येत नाही. लिस्पमध्ये (/ १०००० २८) असं लिहून एंटर मारलं तर उत्तर आलं २५००/७. अपूर्णांक! शाळेत शिकलो तसा, अतिसंक्षिप्त रूप देऊन, काहीही न गळता. शेवटी बिल छापताना कुठे राउंड करायचं ते मी ठरवायचं, मशीनने आधीच माझ्या वतीने ठरवायचं नाही. त्या दिवसापासून मी या भाषेचा झालो.

लोक कंसांना घाबरतात. सगळं कंसात असतं हे खरं, दोन अधिक तीन म्हणजे (+ २ ३), पण त्यामागचं कारण कळलं की भीती जाते. लिस्पमध्ये प्रोग्राम हीच एक यादी असते, आणि याद्या वाचणं, तोडणं, जोडणं हेच तर भाषेचं मुख्य काम, त्यामुळे प्रोग्रामच प्रोग्रामला वाचू शकतो. याचा फायदा पुढे सांगतो.

आता गिट. आधी माझ्या फोल्डरमध्ये हिशोब नवीन, हिशोब नवीन २, हिशोब फायनल, हिशोब फायनल खरा अशा फाइली होत्या, कुठल्यातून एप्रिलची बिलं निघाली ते मला स्वतःला सांगता येत नव्हतं. म्हणून गिट शिकायला घेतलं, म्हणजे फाइलींच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या क्रमाने सांभाळून ठेवणारं सॉफ्टवेअर. हे लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिहिलं, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारी मंडळी वापरत होती त्या बिटकीपर नावाच्या अशाच सॉफ्टवेअरची फुकट वापराची सवलत बंद झाली म्हणून, आणि सुरू केल्यावर काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. कमांडा पाठ केल्या, चालत होतं, पण आत काय होतंय ते कळत नव्हतं. ते कळलं लिस्पमुळे, आणि या पत्रात मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

लिस्पची यादी डब्यांची असते. प्रत्येक डब्यात दोन कप्पे, पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात पुढच्या डब्याचा पत्ता. यादीला नवीन काही जोडायचं तर जुन्याला हातच लावायचा नाही, पुढे एक नवा डबा लावायचा आणि त्यात जुन्या यादीचा पत्ता ठेवायचा, जुनी यादी जशीच्या तशी शाबूत राहते. आता गिटचं कमिट बघा, म्हणजे आपण सांग म्हटलं की गिट जपून ठेवतं ती एक नोंद. त्यात एक तर त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींचं चित्र, आणि दुसरं म्हणजे आधीच्या कमिटचा पत्ता. तोच डबा! १९५८ चा डबा २००५ मध्ये. ब्रँच म्हणजे कुठल्या तरी डब्याला दिलेलं नाव, बाकी काही नाही. आमच्या ठाण्याच्या गाड्या बघा ना, तुर्भ्यापर्यंत सगळ्या एकाच रुळावरून येतात, मग कुणी सानपाडा-वाशीला वळते कुणी जुईनगरवरून पनवेलला, दोन ब्रँचचा इतिहास अगदी तसा तुर्भ्यापर्यंत एकच असतो, दोनदा लिहून ठेवावा लागत नाही. आणि ज्या डब्यापर्यंत कुठल्याच नावावरून पोचता येत नाही तो झाडून टाकायचा, ही आपोआप झाडलोटीची कल्पनासुद्धा मॅकार्थींनी लिस्पसाठीच काढली, गिटमध्येही आहे, फक्त गिट लगेच फेकत नाही, काही आठवडे सांभाळून ठेवतं, त्यामुळे चुकून उडवलेली माझी दोन दिवसांची मेहनत मला एकदा परत मिळाली.

हे कळल्यावर मी स्वतःच लिस्पमध्ये छोटं गिट लिहायला घेतलं, दीडशेक ओळींचं. गिट प्रत्येक फाइलला तिच्या मजकुरावरून ४० अक्षरांची ओळख देतं, त्याला हॅश म्हणतात, मजकूर तोच तर हॅश तोच. माझा हॅश खऱ्या गिटशी जुळायला हवा ही परीक्षा. इंग्रजी मजकुराचा जुळला. मग फाइलीत फक्त नमस्कार एवढा शब्द टाकला आणि जुळेना. दोन रात्री गेल्या. गिट मजकुराच्या आधी एक शब्द आणि मजकुराची लांबी लावतं, मग हॅश काढतं, आणि मी लांबी विचारली तर लिस्पने सांगितली ७, कारण न, म, स, हलन्त, क, काना, र. पण गिटला लांबी हवी बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या मापात, आणि युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या पद्धतीच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे २१. सातच्या जागी एकवीस गेले आणि ४० च्या ४० अक्षरं जुळली. रात्रीचा दीड वाजला होता, बायकोला उठवून दाखवलं.

दुसरा किस्सा बिलातला. एका महिन्यात पायऱ्यांची सफाई हा खर्च बिलात दोन वेगळ्या ओळींवर आला, दोन्ही ओळी डोळ्याला सारख्याच. गिटमध्ये बायसेक्ट म्हणून सोय आहे, चांगलं कमिट सांगायचं, बिघडलेलं सांगायचं, ते मधलं काढून देतं, तुम्ही तपासायचं, परत अर्धं, परत अर्धं, शंभरेक कमिटांतून सातव्या वेळेला गुन्हेगार सापडला. त्या कमिटात एक ओळ बदललेली दिसत होती आणि बदल काहीच दिसत नव्हता! फोनवर टाइप केलेला ऱ्या आणि लॅपटॉपवरचा ऱ्या आतून वेगळे होते, आपला हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, य धरायच्या आधीच एकात ६ बाइट जातात, दुसऱ्यात ९. हे दुखणं मराठी माणसालाच कळणार, इंग्रजी पुस्तकात कोण सांगणार.

गिट बदल दाखवतं ते ओळीओळीने, आणि लिस्पमध्ये एक कंस हलला की खालच्या दहा ओळी सरकतात, सगळ्या बदलल्यासारख्या दिसतात. म्हणून मी साठेक ओळींत दोन आवृत्त्या याद्या म्हणून वाचून फंक्शननुसार, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्यानुसार, फरक दाखवणारं एक साधन केलं. वर म्हटलं तो फायदा हाच, वाचायचं काम भाषेत तयारच आहे. एक अडचण राहिली, वाचताना टिपणं म्हणजे कमेंट गळून जातात, त्यावर अजून काम चालू आहे.

आता तुमच्या लेखाकडे येतो. आमच्या शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, चौघांचा प्रोजेक्ट, कोड झिप करून व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवायचे, सबमिशनच्या आदल्या रात्री पेन ड्राइव्ह गेला आणि कुणाकडची कॉपी शेवटची ते चौघांनाही सांगता येईना. मुलं हुशार आहेत, पॅकेजचे आकडे त्यांना पाठ आहेत, पण इतिहास कसा ठेवायचा हे कॉलेजात कुणी दोन तास बसून दाखवलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं. तो आता रविवारी सकाळी माझ्याकडे येतो, आम्ही डबे कागदावर काढतो, बाण काढतो, मग टाइप करतो. गेल्या रविवारी त्याचा नमस्कार जुळला.

तुमच्या पुरवणीत ट्रेकिंग, बागकाम, पक्षीनिरीक्षण या सगळ्यावर सदरं असतात, मी आवडीने वाचतो. तसंच प्रोग्रामिंगवर एक सदर सुरू करा, नोकरीचा विषय न काढता, मराठीत, जुन्या भाषांसकट. पंधरा दिवसांतून एकदा अर्धं पान पुरेल. पहिले काही लेख मी लिहून देईन, मानधन नको, फक्त डब्यांची चित्रं नीट छापा, ती लहान केली तर बाण दिसत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक
ऐरोली, नवी मुंबई