पुरचुंडीतलं बी

प्रिय बाय,

डब्यात वड्यांखाली तीन पुरचुंड्या ठेवल्यात. सोडताना जपून, आत चुलीची राख आहे आणि राखेत बी. आजीच्या वर्षश्राद्धाआधी मागच्या पडवीतलं फडताळ आवरलं, तेव्हा अशा एकवीस निघाल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, वर सुंभाची गाठ. नाव एकीवरही नाही. तिला अक्षर येत नव्हतं, आणि माझ्याकडून लिहून घ्यावं असं तिला कधी वाटलं नाही.

तू मागे विचारलंस, आजी नेमकी कितव्या वर्षी गेली. बाबांनी कागद बघून सांगितलं, पण तो कागद कुणीतरी अंदाजाने भरलेला. तिचा हिशेब वेगळा. रामदास बोट बुडाली तेव्हा ती परकरात होती, कळशी उचलण्याइतकी मोठी. बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला येताना. सहाशेंवर माणसं गेली. तिचं माहेर त्याच बाजूचं, पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणाऱ्या घरातलं. म्हणजे नव्वदीला आलीच होती म्हण.

लग्न होऊन इकडे श्रीवर्धनला आल्यावर तिने वर्षं झाडांवर मोजली. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, फळीवरची भांडी वाजली. पुढच्या पावसाळ्यात लावला तो कोयनेचा फणस. बाबांच्या जन्माचा माड पाटाजवळ, आत्याचा विहिरीकडे. मी आले त्या साली गोठ्यामागे अनंत लावला. तो माझा, असं मी वीस वर्षं धरून चालले होते. मग कळलं, त्या साली म्हैस विकली म्हणून ती जागा मोकळी झाली होती!

तू तिला गजरे करून देणारी आजी म्हणून ओळखतेस. मला सून म्हणून वेगळी दिसायची. न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला, मासळी धुतलेलं लिंबाला, तांदळाचं धुवण मिरवेलीला, असा तिचा नेम. आठव्या दिवशी मी धुवण मोरीत ओतलं. "अगो, माहेरी विहिरी उतू जातात काय तुमच्या?" एवढंच बोलली आणि पुढे तीन दिवस गप्प. तुझ्याकडे पुण्याला आले की अजूनही सिंकपाशी माझा हात अडखळतो.

३ जून २०२० तुला आठवतच असेल. निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. कौलं गेली, पण आजीने वर बघितलंच नाही. वारा पडल्यावर काठी घेऊन मागच्या दारी गेली. पोफळी एकावर एक आडव्या, मिरवेली त्यांच्याखाली. आत्याचा माड पडला, बाबांचा राहिला. हे कळल्यावर आत्या महिनाभर धास्तावून होती. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आजी एकेक झाड दाखवत सांगत होती, हा कोयनेचा, हा धाकट्या दिरांनी मुंबई धरली त्या सालचा. लिहिणाऱ्या मुलाने लिहिलं, फणस एक, आंबा एक. बिचारा तरी काय करणार, फॉर्मात तेवढाच रकाना.

बाबा म्हणाले लगेच सुपारीची रोपं आणू. तिने हटकलं. आधी केळी लावा. वरची सावली गेली, आता कोवळ्या पोफळीला ऊन पोळेल. पश्चिमेच्या बाजूने केळी लागल्या, मग त्यांच्या आडोशाला पोफळी. अजून पीक म्हणावं असं नाही, पण मागच्या पंधरवड्यात दोन झाडांवर पोय दिसली.

त्याच वर्षापासून ती सालं चुकायला लागली. मला थोरल्या जावेच्या नावाने हाक मारायची, बाबांचं लग्न व्हायचंय म्हणायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं. असेलही. पण मला आपलं वाटतं, तिचं पंचांगच त्या दुपारी आडवं झालं होतं.

असो. बियांचं सांगते. बारीक काळं आहे ते माठाचं. लाल की हिरवा, ते उगवल्यावर कळेल. दुसरी पुरचुंडी तवशाची असावी, नाहीतर चिबडाची. चिबूड निघाला तर तुझी गॅलरी विसर. तिसरा दुधी. गोल दुधीचं बी तिने कुणालाच दिलं नव्हतं, शेजारणीने मागूनही नाही, तेव्हा ते असलं तर एक फळ बियांना राखून ठेव, खाऊन संपवू नकोस. सगळी एका कुंडीत कोंबू नकोस. मृगाचा पाऊस नीट लागू दे, मग पेर. आणि वेलाला दोरी बांधायच्या आधी वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचार, दोरी त्यांच्याच कठड्याला लागणार आहे.

तुझी,
आई