मतदानयंत्रे दिली, पण पक्षांचे काय?

महोदय,

शेजारच्या देशात निवडणूक झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो निवडून आलेला पक्ष भारताच्या बाजूचा की चीनच्या, हा. भूतानच्या बाबतीत तर चर्चा सहसा त्यापुढे सरकतच नाही. ज्या देशाने २००८ साली राजाच्याच पुढाकाराने संसदीय लोकशाही स्वीकारली आणि त्या वर्षापासून चार वेळा शांततेने निवडणुका घेतल्या, तेथील पक्ष कसे जगतात याविषयी आपल्याला कुतूहल असू नये, हे मला खटकते आणि म्हणून हे पत्र.

भूतानच्या पहिल्या निवडणुकीपासून तेथे भारतीय बनावटीची मतदानयंत्रे वापरली गेली. ही मदत मोलाची होती, यात वाद नाही. परंतु यंत्र पडलेली मते मोजते. ज्याला मत द्यावे असा पक्ष उभा करणे आणि हरल्यावरही तो टिकवणे हे काम यंत्राचे नव्हे, आणि नव्या लोकशाहीत खरी अडचण तेथेच येते.

भूतानच्या राज्यघटनेने यासाठी एक आगळी पद्धत घालून दिली आहे. राष्ट्रीय सभेच्या ४७ जागांसाठी दोन फेऱ्यांत मतदान होते. पहिल्या फेरीत सर्व नोंदणीकृत पक्ष उतरू शकतात, मात्र सर्वाधिक मते मिळवणारे दोनच पक्ष दुसऱ्या फेरीत लढतात. त्यांपैकी जिंकणारा सत्ताधारी आणि दुसरा विरोधी. तिसऱ्याला सभागृहात जागा नाही. स्थैर्याच्या दृष्टीने ही रचना सोयीची असली, तरी तिची किंमत पक्षांना मोजावी लागते. २००८ मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीला ४७ पैकी अवघ्या २ जागा मिळाल्या, पक्षाध्यक्ष स्वतः पराभूत झाले आणि पक्ष कर्जात बुडाला. तरीही त्या दोन सदस्यांच्या विरोधी पक्षाने, संसदेची संमती न घेता केलेल्या वाहनकराच्या वाढीला न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयापाठोपाठ २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. भूतानच्या इतिहासातील तो पहिला घटनात्मक खटला. तो पक्ष २००८ च्या पराभवानंतर गाशा गुंडाळून मोकळा झाला असता, तर ४५ सदस्यांच्या सरकारला जाब कोणी विचारला असता? त्या दोघांपैकी एक होते शेरिंग तोबगे, आजचे पंतप्रधान.

सर्वच पक्षांना ही चिकाटी परवडत नाही. द्रुक न्यामरुप त्शोग्पा हा पक्ष २०१३ च्या पहिल्या फेरीत तिसरा आला आणि बाहेर फेकला गेला. त्याच्या अध्यक्षा दोर्जी चोडेन दुसऱ्या फेरीआधी पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीत गेल्या आणि देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. पक्षांतराची ही मुभा नियमानेच दिलेली होती, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. पण अध्यक्षच नसलेल्या, सभागृहात एकही जागा नसलेल्या पक्षाने पाच वर्षे कशी काढली असतील? त्याच पक्षाने २०१८ मध्ये लोटे शेरिंग यांच्या नेतृत्वाखाली ३० जागा जिंकून सत्ता मिळवली आणि २०२३ च्या पहिल्या फेरीत, सत्तेवर असतानाच, तो पुन्हा बाहेर पडला. त्या वेळी द्रुक फुएनसुम त्शोग्पा हा २००८ चा विजेताही त्याच्याबरोबर बाद झाला. म्हणजे २०१८ ची अंतिम लढत लढलेले दोन्ही पक्ष आज सभागृहाबाहेर आहेत.

अशा पक्षांनी पैसा आणावा कोठून? सरकारी तिजोरीतून प्रचारखर्च मिळतो तो दुसऱ्या फेरीतील दोन पक्षांना. एरवी सदस्यांच्या वर्गणीवर आणि निवडणूक आयोगाने मर्यादा घातलेल्या देणग्यांवर भागवायचे, म्हणजे बव्हंशी पदरमोड. उमेदवार पदवीधर हवा आणि सरकारी नोकरीत असेल तर त्याने आधी राजीनामा द्यायला हवा. सुशिक्षितांचा ओढा मुख्यतः सरकारी नोकरीकडे असलेल्या देशात ही अट किती जड जात असेल, हे सांगायला नको. (ज्यांचे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवावे लागले, त्या आपण भूतानला पक्षनिधीचे धडे देऊ नयेत, हे ओघाने आलेच.) भाषा, धर्म वा प्रदेश यांच्या आधारे पक्ष काढण्यास तेथे मनाई आहे. या नियमाचे मी स्वागत करतो. मात्र नव्वदच्या दशकात देशाबाहेर जावे लागलेल्या नेपाळीभाषक भूतानींचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

परदेशी पैसा आणि परदेशी साहाय्य स्वीकारण्यास भूतानची घटना पक्षांना स्पष्ट मनाई करते, आणि ते योग्यच आहे. मग शेजाऱ्याने करायचे काय? माझे उत्तर असे, की निवडणुकीच्या काळात निदान तराजूला हात लावू नये. जुलै २०१३ मध्ये, दुसऱ्या फेरीच्या मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, भारताने स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरील अनुदान थांबवले. भूतानमध्ये सिलिंडरचे दर दुपटीवर गेले. पंचवार्षिक योजनेची मुदत संपल्याने हे घडले, असे सांगण्यात आले. पण त्या वेळी तेथे सरन्यायाधीशांच्या नेतृत्वाखालील हंगामी सरकार होते आणि अशा सरकारला परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकारच घटनेने दिलेला नाही. थिंफूमध्ये आपल्याशी वाटाघाटी करू शकेल असे कोणी नव्हते. पहिल्या फेरीत आघाडीवर असलेला मावळता सत्ताधारी पक्ष द्रुक फुएनसुम त्शोग्पा, ज्याच्या पंतप्रधानांनी आदल्या वर्षी चीनच्या पंतप्रधानांची भेट घेतली होती, १५ जागांवर घसरला आणि मग अनुदान पूर्ववत झाले. त्या पराभवाला इतरही कारणे होती, आणि केवळ गॅसमुळे सत्ता गेली असे मी म्हणणार नाही. परंतु भूतानच्या मतदाराच्या मनात शंका राहिली असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी आपली आहे.

तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी भारताने १०,००० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले आहे. ही योजना २०२९ च्या मध्यापर्यंत चालेल आणि भूतानमधील पुढील निवडणूक त्याच्या काही महिने आधी अपेक्षित आहे. हंगामी सरकार नेमले गेल्यापासून नवे सरकार शपथ घेईपर्यंत इंधन, अनुदान वा साहाय्य यांच्या अटींत कोणताही बदल केला जाणार नाही, आणि या काळात मुदत संपणारा प्रत्येक करार आपोआप पुढे चालू राहील, अशी लेखी हमी परराष्ट्र मंत्रालयाने आताच द्यावी. तसेच भूतानच्या खासदारांसाठी दिल्लीत प्रशिक्षण आखले जाईल तेव्हा अर्थसंकल्पाची छाननी, विधेयकांचा मसुदा आणि समित्यांचे काम हे विषय विरोधी पक्षाच्या सदस्यांनाही सत्ताधाऱ्यांइतक्याच संख्येने शिकवले जावेत. महाराष्ट्रातील खासदारांपैकी कोणी याविषयी संसदेत प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर आपल्या दैनिकात छापून यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा