बाल्यानं तुझं नाव घेतलं

प्रिय दिल्या,

फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहितो. माय बरी आहे, बीपीची गोळी सुरू आहे. माझी कंबर होती तशीच.

वर्ध्याला कलेक्टर ऑफिसात साहेबांनी बाल्याला विचारलं, "तुला कोणाजवळ राहायला आवडेल?" एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माय, आणि माझा हा बहाद्दर भाऊ म्हणतो, "दिल्याजवळ." साहेब मला विचारतात, दिल्या कोण? काय सांगणार? ज्यानं याला विहिरीत पोहायला शिकवलं आणि माझी सायकल परस्पर विकली, तो?

काम पालकत्वाचं होतं. 18 च्या पुढं कायद्यानं मायबापही आपोआप पालक राहत नाहीत, हे आम्हाला तो 31 चा झाल्यावर कळलं, तेही बँकेत खात्यावर अडलं तेव्हा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कलेक्टरांची समिती पालक नेमून देते. निरामय आरोग्य विमाही त्यातलाच, लाख रुपयांपर्यंतचा. त्याआधी अपंगत्वाचा दाखला. जुन्यावर नुसतं मतिमंद होतं, आता स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, लिहिलंय; 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे.

झाले कागद. पण मायचा घोर काही जात नाही. रात्री एकच, "माह्या मांगं याले कोन पाहीन?" मी आहे म्हटलं तर म्हणते, "अन् तुह्या मांगं?" शाळेत पोरं तपासायला डॉक्टरांची गाडी येते, तीही 18 पर्यंतच. पुढं ही पोरं जातात कुठं बे?

बाल्याला पुण्याच्या संस्थेत ठेवायचं पुन्हा काढू नको. त्यावरून तुझ्या लग्नात, अंतरपाट धरायच्या आधी, आपण भांडलोय. माझं मत तेच आहे. इथं त्याला गोठा ठाऊक, गाईच्या पाण्याची वेळ ठाऊक. तिथं गाय कुठून आणशील?

दाखल्याच्या रांगेत तळेगावकडचे एक काका भेटले. त्यांची पोरगी 26 ची. कुकरच्या शिट्टीला कान झाकते. आपला बाल्या पोळ्याच्या दिवशी कोठ्यात दडून बसतो, तसंच. आता अधूनमधून रविवारी चार-पाच घरं आमच्या पडवीत जमतात. पाळीचं पोरीला कसं समजवावं, जवान पोरानं चारचौघांत कपडे काढले तर काय करावं, असलं बोलायला मायला आजवर कोणी नव्हतं. लग्न लावून द्या, सुधरेल म्हणणारंही तिथं कोणी नाही, ही मोठी सोय.

बाल्या बसत नाही. सगळ्यांच्या चपला जोडीनं लावतो, लहानापासून मोठ्यापर्यंत. परवा त्या पोरीनं एक चप्पल मुद्दाम तिरपी केली. यानं सरळ केली. तिनं पुन्हा तिरपी केली. मी म्हटलं, आता बोंब मारतो हा! तर दोघं चहा होईस्तोवर तेच करत राहिली, एकमेकांकडं न बघता. काकांनी हातातली बशी खाली ठेवली आणि नुसते बघत बसले.

वहिनींची बदली टळली का? चिमणीला दहावीबद्दल शाबासकी सांग, पेढे मात्र पाठव. सोयाबीननं यंदा मारलं, कपाशीवर मदार.

वहिनींच्या शाळेतल्या त्या बाई, ज्यांचा मुलगा पॅकिंगच्या कामाला जातो, त्यांना मायशी बोलायला सांगशील? त्यांनी मुलाला घराबाहेर पडायची सवय कशी लावली, ते तिला विचारायचं आहे. साडेसातच्या आत फोन करावा म्हणा, मग माय झोपते. आणि दिवाळीला ये. बाल्यानं साहेबांसमोर सांगितलंय, आता ते सरकारी झालं.

तुझा,
विन्या