प्लॉट विकू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बायपासजवळचा प्लॉट काढून टाकू, तुमच्या फ्लॅटला लागतील तेवढे पैसे घेऊन जा." मी "बघू" म्हणून विषय बदलला. तुमचा आवाज इतका आनंदात होता की तोंडावर नाही म्हणवलं नाही, म्हणून लिहिते आहे. आमच्यासाठी प्लॉट विकू नका.

गेल्या महिन्यात मी दहा दिवस जामखेडला प्रशिक्षणाला जाऊन आले. बाबा, आरोळे डॉक्टरांचं नाव आपल्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय. आपल्या नगर जिल्ह्याचा माणूस, वेल्लोरला डॉक्टर झाला, अमेरिकेत शिकून आला आणि जामखेडला जाऊन बसला, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मला त्याचा कंटाळा यायचा. तिथे गेल्यावर कळलं, तुम्ही थोडंच सांगितलं होतं.

रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली तिथे आले. हवं ते शहर, हवा तो पगार मिळाला असता, पण गरिबांतच काम करायचं हे दोघांनी लग्नाच्या वेळीच ठरवलेलं होतं. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं. पुढे दुष्काळ आला. लोकांना औषधाच्या आधी पाणी आणि अन्न हवं होतं, तर यांनी आधी ते पाहिलं. बोअर घेतल्या त्या दलित वस्तीत, म्हणजे पाणी हवं असेल त्याने तिथे यावं. मग गावोगावच्या बायका हाताशी धरल्या. बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, काहींना नवऱ्याने टाकलेलं. बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, हे त्यांना शिकवलं. तेव्हा त्या भागात हजारी १७६ तान्ही मुलं वर्षाच्या आत जायची. पुढे हा आकडा तिशीच्या खाली आला. मी नर्स आहे, वॉर्डात एक बाळ गेलं तरी ती रात्र कशी जाते ते मला ठाऊक आहे. तो आकडा ऐकून मी वही मिटून नुसती बसून राहिले.

आई, एक गोष्ट खास तुझ्यासाठी. सुरुवातीला या बायका जामखेडला शिकायला यायच्या तेव्हा मुक्कामात जातीप्रमाणे वेगळ्या बसायच्या, वेगळ्या जेवायच्या. मग सगळ्यांनी मिळून एकच भलीमोठी गोधडी शिवली आणि तिच्याखाली झोपायला लागल्या. हे ऐकताना मला तुझे हात दिसत होते, दुपारी ओट्यावर बसून वाकळ शिवणारे, सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटलेला.

आणि तुझा तो डालड्याचा डबा. दळणाला ज्वारी काढली की पहिली मूठ त्यात. झाकण गंजलेलं, उलथण्याच्या टोकाने उचकटायला लागायचं. महिना भरला की ती ज्वारी गावाबाहेरच्या आजीची. तिची बोटं झडलेली, ती गिरणीपर्यंत दळण कुठे नेणार, म्हणून तू पीठ करूनच द्यायचीस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांच्या, म्हणजे दोन छोट्या नाण्यांच्या, दानावरचं प्रवचन मी कितीदा ऐकलंय, पण मला ते नेहमी त्या डब्यामुळेच समजलं.

बाबा, तुमच्यावर मात्र माझा राग होता. मी चौथीत असताना नाताळचा माझा नवा फ्रॉक तुम्ही शेजारच्या वस्तीतल्या मुलीला दिलात, मला न विचारता. मी त्या दिवशी उपासनेला जुन्या फ्रॉकवर आले आणि गाण्यात तोंडही उघडलं नाही. इतकी वर्षं मनात होतं, आज सांगून टाकते. अजूनही वाटतं, मला विचारायला हवं होतंत. मी दिला असता, कदाचित रडून, पण माझ्या हाताने दिला असता.

जामखेडला शिकलेल्या त्या बायकांपैकीच एक, मुक्ताबाई पोळ, १९८८ साली वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातली झुंबरं दाखवून म्हणाल्या, डॉक्टर असे असतात, देखणे आणि महाग. मग बरोबर नेलेला साधा दिवा काढला. हा स्वस्त आहे, पण याच्यावरून दुसरा दिवा लावता येतो, असं त्यांनी सांगितलं. मला आपल्या ओट्यावरचा कंदील आठवला. वीज गेली तरी तुम्ही दहा-बारा पोरांना पाढे म्हणायला लावायचा, एक पैसा न घेता. त्यातला एक परवा आमच्याच हॉस्पिटलात भेटला, लॅबमध्ये आहे. "गुरुजी कसे आहेत?" विचारताना त्याचा आवाज भरून आला.

तर आमचं असं ठरलंय. वन-रूम किचनमध्ये आम्हा तिघांचं नीट चालतं. भाडं परवडतं, चर्चला द्यायचा दशांश निघतो, आणि ह्यांच्या पगारातून एका मुलीची नर्सिंगची फी भरायला आम्ही जूनपासून सुरुवात केली आहे. मोठं घर घेतलं तर पहिला हात हप्त्यांकडे जाईल, आणि हे सगळं मागे पडेल.

प्लॉट विकायचाच असेल तर आधी आईचे गुडघे. बाबा, हे मी ठासून लिहिते. आयुष्यभर आपल्या घरात सगळ्यांना वाटून झाल्यावर जे उरलं ते आईला मिळालं, आणि ती कधी बोलली नाही. ऑपरेशनसाठी तिला पुण्याला घेऊन या, रजा मी टाकते. राहिलेल्या पैशांचं काय करायचं ते तुम्ही दोघं प्रार्थना करून ठरवा, पण दोघं.

आई, जुनी लुगडी कुणाला देऊ नकोस, येताना घेऊन ये. आमच्या खालच्या मजल्यावर बांधकामावरच्या बाया राहतात, थंडीत पोरं पोत्यांवर झोपतात. तू बसल्या जागी टाके दाखव, शिवायचं मी आणि त्या बघू. आणि तो डबा अजून असेल तर तोही आण. माझी लेक प्लास्टिकच्या बरणीत मूठ टाकते, तिला तुझा हवाय.

रविवारी उपासनेनंतर फोन करते.

तुमची,
ताई