जिनोमच्या डेटाबद्दल, बंड्यास

राजारामपुरी, कोल्हापूर
४ डिसेंबर

प्रिय बंड्या,

पत्र पोचलं. जिनोमचा, म्हणजे सजीवाच्या सगळ्या डीएनएचा, डेटा शिकायचाय म्हणून पायथॉनचा कुठला क्लास लावू, असं विचारलंयस. क्लास राहू दे भावा. त्याच पैशात लॅपटॉपची रॅम वाढव आणि लिनक्स टाकून घे.

पहिल्यांदा डीएनए वाचणाऱ्या मशीनमधून निघालेली कच्ची फास्टक्यू फाईल उघडून नुसती बघ. प्रत्येक रीडला, म्हणजे मशीननं वाचलेल्या डीएनएच्या तुकड्याला, चार ओळी असतात: नाव, डीएनएची अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि खाली एक गिचमीड. सगळी मेख त्या गिचमिडीत आहे. तिथलं एकेक चिन्ह म्हणजे वरच्या अक्षराबद्दल मशीनला वाटणारी खात्री. प्रश्नचिन्ह म्हणजे ३० गुण, हजारात एक चूक; तेव्हा ते दिसलं की खूश हो. हॅश (#) म्हणजे २ गुण, त्या अक्षरावर काडीचा भरवसा नाही. फास्टक्यूसी हे सॉफ्टवेअर याचा आणि अशाच इतर तपासण्यांचे आलेख काढून देतं. त्यातल्या लाल फुल्या मात्र फार मनावर घेऊ नकोस. आरएनएच्या डेटात पहिल्या दहाबारा अक्षरांपायी अक्षरांच्या प्रमाणाच्या तपासणीत तशी फुली बहुधा येतेच.

पुढे बीडब्ल्यूए या सॉफ्टवेअरनं रीड्स संदर्भ जिनोमवर, म्हणजे आधीच तयार असलेल्या नमुना जिनोमवर, आपापल्या जागी बसवायचे, सॅमटूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं क्रमानं लावायचे. ते हाताला बसतं. सरावाला ई. कोलाय या जिवाणूचा जिनोम घे, जेमतेम ४६ लाख अक्षरं, साध्या लॅपटॉपवरही निघतं.

पण तुला शेवटी उसावरच यायचंय ना? मग आधीच सांगतो, माणसाच्या डेटावर शिकलेले आडाखे इथं चालत नाहीत. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती. एका जागेवर ३० रीड्स असतील आणि त्यातल्या पंधराएक रीड्समध्ये अक्षर वेगळं असेल, तर तो फरक खरा. आपला ऊस म्हणजे दोन जातींचा संकर, शंभरावर गुणसूत्रं आणि एकेका जनुकाच्या दहाच्या आसपास प्रती. दहा भावांचा सामाईक सातबाराच तो! फरक एकाच प्रतीत असेल तर ३० पैकी तीनच रीड्समध्ये दिसणार. जीएटीके किंवा फ्रीबेज ही फरक शोधणारी सॉफ्टवेअर मुळात दोन प्रती धरून चालतात, म्हणून हे तीन रीड्स ती बहुधा चूक समजून सोडून देतात. प्लॉइडीचा, म्हणजे प्रतींचा, आकडा आपण सांगायचा आणि सिक्वेन्सिंगही चांगलं खोल, म्हणजे एकेका जागेवर भरपूर रीड्स येतील असं, करून घ्यायचं. आर५७० या उसाचा जिनोम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी माणूस, गहू असे मोठे जिनोम सगळे उरकले होते. ऊस इतका का रखडला ते यावरून कळेल.

तीन रीड्स खरे की खोटे, हे ठरवायला मी अजून आयजीव्हीत, म्हणजे जागेवर बसलेले रीड्स पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, डोळ्यांनीच बघतो. तिन्ही एकाच दिशेचे आहेत का? फरक रीडच्या शेपटालाच आहे का? तिन्ही एकाच तुकड्याच्या नकला तर नाहीत? दुसऱ्याच जागचे रीड्स चुकून इथं येऊन बसलेत का? यातलं काही निघालं की फरकावर संशय धरायचा. आमच्याकडच्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना थेट व्हीसीएफ, म्हणजे सापडलेल्या फरकांची तयार यादी, हवी असते. माझ्या मते ज्यानं शंभरएक जागा अशा निरखल्या नाहीत, त्याच्या व्हीसीएफवर ८६०३२ सारख्या उसाच्या वाणाची निवड सोड, कुंडीतलं रोपही निवडू नये.

नाताळात येतोयस ना? येताना एक टीबीची हार्डडिस्क रिकामी करून आण, इथला डेटा नेटवरून पाठवणं जमणार नाही. वहिनींना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझा,
संज्या