एकदऱ्याच्या नाखवा काकांना

नाखवा काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव कुठे छापू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात. पण एकदऱ्याच्या बंदरावरून कोणी ना कोणी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवेलच.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मुरुडची मुक्कामी गाडी त्यांनी कितीतरी वर्षं चालवली. रात्री गाडीतच झोपायचं, पहाटे चूळ भरायला किनाऱ्यावर जायचं आणि समोर समुद्रात कासा किल्ला, म्हणजेच पद्मदुर्ग, बघत उभं राहायचं. सहाची गाडी सोडायची असल्यामुळे तिथे जाणं कधी जमलं नाही. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात. मार्गशीर्षात मी त्यांना घेऊन आले ती एवढ्यासाठीच. राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा पाहिला, नवाबाचा राजवाडा रस्त्यावरूनच बघितला, पण बाबांचं सगळं लक्ष पद्मदुर्गाकडे.

आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तुम्ही पाण्याकडे पाहिलंत, बाबांच्या काठीकडे पाहिलंत आणि म्हणालात, आज नाही. दुसरा एक जण पैसे ठरवून लगेच न्यायला तयार होता. खरं सांगते, मला तुमचा राग आला होता. मग तुम्ही बाबांना जाळ्यांच्या ढिगाशेजारी बसवून हिशेब समजावलात. तिथीची पाऊणपट करायची. दशमी म्हणजे साडेसातला भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे आत्ता किल्ल्याभोवतीचे खडक उघडे. होडी लागणार नाही, आणि लावलीच तर म्हातारा माणूस शेवाळावर उतरणार कसा? उद्या एकादशी, सव्वाआठची भरती. साताला या. फुकट गेलेल्या फेरीचे म्हणून बाबांनी पैसे काढले, ते तुम्ही त्यांच्याच खिशात परत घातलेत.

दुसऱ्या दिवशी उतरायला धक्का नव्हता, गुडघाभर पाणी होतं. तुम्ही काही न विचारता पाठ वळवून वाकलात आणि बाबांना पाठुंगळी घेतलंत. तुमचंही वय काही कमी नाही, काका. किल्ल्याच्या दारात बाबांना उतरवताना तुम्ही त्यांची विजार खाली सारखी केलीत. मी मागे होते, मला ते दिसलं.

पडकोटापाशी, म्हणजे किल्ल्याच्या बाहेरच्या कोटापाशी, तुम्ही बाबांचा हात धरून तटावर ठेवलात. दगड लाटांनी खाल्लेला, आतपर्यंत खोलगट झालेला, आणि दोन दगडांमधला चुना मात्र जिथल्या तिथे, मधाच्या पोळ्यासारखा उभा. बाबा एकेका खळग्यात बोट घालून बघत होते. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या पाण्याला दगड हरला आणि चुना टिकला, ही गोष्ट मी वाचलेली होती. पण तुम्ही बोट लावायला लावलंत तेव्हा ती मला कळली. कमळाच्या पाकळ्यांसारखा तो बुरूज, आडव्या पडलेल्या तोफा, हे सगळं तुम्ही घाई न करता दाखवलंत. आणि बाबांना दम लागला की तुम्हीच आधी बसायचात, त्यांना थांबा म्हणायची वेळ येऊ नये म्हणून.

तिथे बसूनच तुम्ही लाय पाटलांची गोष्ट सांगितलीत. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावणारे लाय पाटील. महाराजांनी पालखीचा मान दिला तर ते म्हणाले, आम्ही दर्यात फिरणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? मग त्यांना गलबत मिळालं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. ही गोष्ट तुम्ही घरातल्या आजोबांची सांगावी तशी सांगत होतात. समोर आग्नेयेला जंजिरा दिसत होता. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला या बेटावर दुसरी राजपुरी उभी करायची म्हणून महाराजांची केवढी तळमळ! रसद वेळेवर पोचली नाही म्हणून 1675 साली त्यांनी सुभेदार जिवाजी विनायकांची पत्रातून चांगलीच कानउघाडणी केली होती.

2025 साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग त्यात आहेत. पद्मदुर्ग नाही. मला त्याची चुटपुट लागते. पण किल्ल्यावरून परतताना तुम्ही दुसऱ्यांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या गोणीत भरून होडीत घातल्यात. आम्ही विचारलं, तर म्हणालात, हे आमचं अंगण आहे.

काकींना माझा नमस्कार सांगा. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण बाबा अजून आठवतात. काकींनी सोबत बांधून दिलेला सुक्या सोड्यांचा पुडा आम्ही चवीचवीनं पुरवून खाल्ला.

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी कालनिर्णयासमोर उभे राहतात आणि पाऊणपट करतात. आमच्या घरापासून समुद्र चार तासांवर, पण भरतीची वेळ आता साऱ्या घराला ठाऊक असते. आज अष्टमी. सहाला भरती, पण भांगाचं पाणी, फार चढणार नाही, असं त्यांनी चहा पिताना सांगितलं. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, नाखवा आत्तापर्यंत निघाले असतील.

तुमची,
मुरुडच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरची मुलगी